छापण्याइतकी माणसं

एकतीस वर्षं तिनं घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. जिन्याखाली, माडीच्या कोपऱ्यात, अडगळीच्या खोलीत वाकायचं, टॉर्च मारायचा, आकडा टिपायचा आणि पुढच्या दारात जायचं. त्या वस्तीत तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे तिला मीटरबाईच म्हणत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रस्त्यात भेटलेली माणसं तिला नळाच्या गळतीबद्दल विचारत, आणि तीही थांबून सल्ला देई.

मोठ्या दवाखान्यातल्या मनोविकाराच्या डॉक्टरला नेमकी अशीच बाई हवी होती. डॉक्टर तरुण होती, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. मनाच्या आजारांबद्दल वस्तीतल्या मोठ्या माणसांना किती कळतं, आणि ज्यांना कळतं त्यांना ते कशामुळे कळतं, याचा ती अभ्यास करत होती. आधी तिनं विद्यार्थी पाठवून पाहिले होते. "मनाचे आजार" हे शब्द कानावर पडले की लोक दार लावून घेत.

"तुम्हाला कुणी दार लावत नाही म्हणे," डॉक्टर म्हणाली.

"लावून बघू दे की," मीटरबाई म्हणाली.

तिनं हे काम घेतलं ते घरी बसून गुडघे कुरकुरायला लागले होते म्हणून. मनाच्या आजारांबद्दल तिचं मत अगदी साधं होतं. "माणूस वेडा असला तर दिसतोच की. त्यात विचारायचं काय?" डॉक्टरनं पहिला फॉर्म मीटरबाईचाच भरून घेतला. वीसपैकी चार उत्तरं बरोबर आली, आणि त्यातली दोन अंदाजानं ठोकलेली होती. मीटरबाई जरा ओशाळली. पण तिची जिद्दही तिथूनच जागी झाली.

काम असं होतं. दारात जायचं, घरातल्या मोठ्या माणसांना बसवायचं आणि छापलेल्या कागदावरची एक हकीकत जशीच्या तशी वाचून दाखवायची. पदरचा एक शब्द घालायचा नाही. मग विचारायचं: या माणसाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? त्यानं कुणाकडे जावं? तो बरा होईल का? तुम्ही त्याच्या शेजारी राहाल का? उत्तर कसंही आलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही. सगळं संपल्यावर आजाराचं नाव सांगून एक माहितीपत्रक हातात द्यायचं.

हकीकतीत लिहिलं होतं: "एक माणूस आहे. वय पंचेचाळीस. गेले दोन महिने त्याचं कशातच मन लागत नाही. पहाटे जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. जेवण बेचव लागतं. आवडीचं काम समोर असूनही हात उचलवत नाही. कुणी बोलायला आलं तर उत्तर द्यायला शब्द सापडत नाहीत. आपण घरच्यांवर ओझं आहोत, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहतं. त्याच्या घरी कसलंही संकट आलेलं नाही."

पहिल्या पंधरवड्यात मीटरबाईनं साठ घरं केली. चेहरा न हलवणं हेच सगळ्यात अवघड काम निघालं. एका गॅरेजवाल्यानं ठामपणे सांगितलं, "पोट साफ होत नसणार." एक आजीबाई म्हणाल्या, "सुनेनं छळलंय त्याला." त्यांची सून मागेच उभी होती, ती म्हणाली, "सासूनं." शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक अर्धा तास बोलले. त्यांच्या मते हा शिस्तीचा अभाव होता, पहाटे जाग येतेच आहे तर त्या माणसानं व्यायाम करावा. आणि इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई, जिला सहीसुद्धा धड करता येत नव्हती, तिनं इस्त्री बाजूला उभी केली आणि म्हणाली, "आजारी आहे तो. माझ्या भावाला झालं होतं. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या."

मीटरबाईनं डॉक्टरला सांगितलं, "तुमच्या फॉर्मवरच्या त्या शिक्षणाच्या रकान्याचं काही खरं नाही. ज्याच्या घरात घडलंय त्याला कळतं. पण तो पहिल्या दमात सांगत नाही. थोडं गप्प बसावं लागतं, मग सांगतो."

डॉक्टरनं ते वहीत लिहून घेतलं. आपण बोललेलं डॉक्टर वहीत लिहिते, हे पाहून मीटरबाई दिवसभर खुशीत होती.

सतराव्या दिवशी ती कवळीवाल्यांच्या दारात गेली.

हे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवत. शहरातले दंतवैद्य त्यांच्याकडे हिरड्यांचे ठसे पाठवत, आणि हे घरातल्याच पुढच्या खोलीत बसून प्लॅस्टरचा साचा ओतत, मेणात एकेक दात रोवत, घासत, पॉलिश करत. हात असा की माणसाची जुनी तसबीर पाहून त्याचा किंचित वाकडा सुळा तसाच वाकडा बसवून देत. पण गल्लीत त्यांना सगळे शिष्ट समजत. कधी हसून बोलत, तर कधी महिनोन् महिने नमस्काराला नमस्कारही नाही. त्यांच्याकडचा मीटर त्यांच्या कामाच्या टेबलाजवळच होता. मीटरबाईनं कित्येकदा त्यांना स्टुलावर बसून भिंतीकडे पाहताना बघितलं होतं. "काका, जरा सरकता का?" असं दोनदा म्हणावं लागे. बाहेर पडल्यावर ती मनात म्हणायची, काय ही मिजास!

त्या दुपारी मात्र ते खुलले होते. "या मीटरबाई! आता कसला मीटर?"

"मनाचा," ती म्हणाली. हा विनोद तिनं तिसऱ्या दिवशी शोधून काढला होता आणि तो बऱ्यापैकी चालत होता.

काका हसले. टेबलावर सात-आठ कवळ्या ओळीनं वाळत होत्या, त्याही हसत असल्यासारख्या दिसत होत्या. काकू आतून हात पुसत आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मीटरबाईनं कागद काढला आणि साठाहून जास्त वेळा वाचून पाठ झालेली हकीकत एकसुरात वाचायला लागली.

पहाटेच्या वाक्यापाशी काकांचा घासायचा हात थांबला. ओझ्याच्या वाक्यापाशी त्यांनी हातातली कवळी खाली ठेवली. वाचून झालं आणि मीटरबाईनं वर पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हे. माझ्याबद्दल." ते काकूंकडे वळले. "तू सांगितलंस?"

"मी?" काकू घाबरल्या. "अहो, मी आजपर्यंत कुणाजवळ चकार शब्द काढला नाही."

मीटरबाईला काय करावं कळेना. पदरचा शब्द घालायचा नाही, हा नियम तिला आठवत होता. पण तो त्या खोलीत टिकणारा नव्हता. "काका, हे तुमच्याबद्दल नाही हो. हे छापलेलं आहे. बघा, याच्या पाचशे प्रती काढल्यात. सकाळी समोरच्या इमारतीत हेच वाचलं, काल तिकडे कोपऱ्यावरही हेच."

काकांनी कागद हातात घेतला. अंगठा अक्षरांवरून फिरवला. उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"पहाटेचं त्यांना कसं कळलं?"

"कुणाला?"

"ज्यांनी हे लिहिलं त्यांना. पहाटेचं मी कुणालाच सांगितलेलं नाही." त्यांचा आवाज इतका खाली आला की मीटरबाईला पुढे वाकावं लागलं. "म्हणजे असे... अजून आहेत? छापण्याइतके?"

मीटरबाई पुढे कित्येक महिने सांगायची की नोकरीत तिनं फुटलेल्या जलवाहिन्या पाहिल्या, तळघरात गळ्यापर्यंत पाणी पाहिलं, पण त्या प्रश्नासारखं काही पाहिलं नाही. सत्तरीला आलेला माणूस. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की हे जगात फक्त आपल्यालाच होतं.

"आहेत," ती म्हणाली. "पुष्कळ आहेत. याला नाव आहे, काका. नैराश्याचा आजार. डिप्रेशन म्हणतात ना, ते. औषध आहे त्याला."

"नाव आहे," काका म्हणाले. प्रश्न नव्हता तो. मग एकदम, "पुन्हा वाचा."

तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना काकू चौकट सोडून आत आल्या आणि स्टुलाच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"पहाटेचं मला माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"तू झोपलेली असायचीस."

"डोळे मिटून पडलेली असायचे. तुम्ही उठून खिडकीशी उभे राहायचात, ते दिसायचं मला."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

मग काकू बोलायला लागल्या, आणि मीटरबाईच्या हातातला पेन जागच्या जागी राहिला. तेहेतीस वर्षांत सात वेळा झालं होतं ते. सातही वेळांचे महिने काकूंना तोंडपाठ होते. त्यांच्याजवळ त्याचा स्वतःचा एक शब्द होता. "मी त्याला आत जाणं म्हणते. मनातल्या मनात. मुलगी लहान होती तेव्हा विचारायची, बाबा कुठेत? अहो, बाबा समोर बसलेले असायचे! पण पोरीला कळायचं ते. मी सांगायचे, आत गेलेत, येतील."

येणार असलं की काकूंना तीन आठवडे आधी कळायचं. काका एकच दात घासत बसायचे, चांगला बसलेला दात उपटून पुन्हा बसवायचे. मीठ कमी पडलं तरी तक्रार करेनासे व्हायचे. आवाज पायरी-पायरीनं खाली उतरायचा. मग काकू तयारीला लागायच्या. मोठी कामं आपणच परत पाठवायची: "त्यांच्या डोळ्याला त्रास आहे." पाहुण्यांना परस्पर टाळायचं. सकाळी त्यांना कपडे बदलायला लावायचंच, मग ते दिवसभर बसून राहिले तरी चालेल. समोर बसून काही विचारायचं नाही, कारण उत्तर देता आलं नाही की त्यांना जास्त लागतं. नुसतं शेजारी बसून भाजी निवडायची. आणि आठवड्यातून एकदा, काहीही झालं तरी, त्यांना कोपऱ्यापर्यंत चालवून आणायचं.

"आणि टेबलावरची हत्यारं," काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

"कुठली हत्यारं?" काकांनी विचारलं.

"धारेची. आणि त्या रसायनांच्या बाटल्या. त्या मी उचलून ठेवायचे."



"दर वेळी मी तुला ओरडायचो," काका म्हणाले. "आवरायच्या नादात माझी हत्यारं हरवतेस म्हणून."

"ओरडायचात."

"तुला माहीत होतं? मी काय विचार करायचो ते?"

"तुम्ही ओरडलात की मला बरं वाटायचं. म्हटलं, अजून राग येतोय, म्हणजे परत येताय."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या बोटांना प्लॅस्टर लागलं होतं, ते कपाळाला लागलं. काकूंनी ते पदरानं पुसलं, जसं काही रोजचंच काम असावं. मग त्या मीटरबाईला म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच काही चुकतं. माझ्यावर मन नाही यांचं, म्हणून आत जातात."

"आणि मला वाटायचं मी मुळातच कुचकामी आहे," काका म्हणाले. "मधले दिवस बरे जातात ते नशिबानं."

मीटरबाईनं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं आणि निघाली. रस्त्यावर आल्यावर तिला आठवलं की फॉर्म भरायचा राहिला. ती बसथांब्याच्या बाकावर बसली आणि काकूंचा फॉर्म आठवून भरू लागली. आजाराचं नाव सांगता आलं का? नाही. कारणं सांगता आली का? नाही. उपचार कुठे मिळतात हे माहीत आहे का? नाही. खाली बेरीज आली शून्य. मीटरबाई त्या शून्याकडे बघत राहिली. दोन बस आल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद डॉक्टरसमोर ठेवला. "या बाईला मी शून्य देणार नाही. माझं काम गेलं तरी चालेल."

डॉक्टरनं सगळं ऐकलं. मधे एकदाच तिनं चष्मा वर सरकवला. "त्यांना घेऊन याल?" एवढंच म्हणाली.

ते इतकं सरळ झालं नाही. चार दिवस काकांचं दार बंद होतं. पाचव्या दिवशी ते स्वतः मीटरबाईच्या घरी आले, दारातच उभे राहिले. "मी आता बरा आहे ना," म्हणाले. "बरा असताना दवाखान्यात गेलो तर हसतील."

"नळ गळत नसताना वॉशर बदललेला बरा," मीटरबाई म्हणाली. "गळायला लागल्यावर अंगावर पाणी घेत बदलावा लागतो."

काकांना हसू आलं. बुधवारी तिघं दवाखान्यात गेले.

डॉक्टरनं आधी काकांना तपासलं, मग काकूंना आत बोलावलं. मीटरबाईला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. अडीच तास झाले. डॉक्टरनं मधेच दार उघडून आपल्या दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं, मग त्यांच्या वरच्या, पांढऱ्या केसांच्या मोठ्या डॉक्टरांनाही. दार अर्धवट उघडं राहिलं होतं. काकू खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या, आणि चार डॉक्टर त्यांच्यासमोर वर्गात बसल्यासारखे बसले होते.

"समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी नाही. समोर बसले की त्यांची मान खाली जायची. शेजारी बसले की नाही जायची."

"आणि हत्यारं?"

"भीती वाटली," काकू म्हणाल्या. "भीती वाटली तर माणूस काय करेल?"

मोठे डॉक्टर उठले, आणि काकू दचकल्या, कारण त्यांनी वाकून काकूंना नमस्कार केला. "बाई, तुम्ही या माणसाला सात वेळा वाचवलंत," ते म्हणाले. "आम्हाला यातलं निम्मं शिकायला दहा वर्षं लागतात." काकूंनी गोंधळून दाराकडे पाहिलं, काही चुकलं तर नाही ना अशा नजरेनं. बाहेरच्या बाकावर काका मान वर करून बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि ते आपल्या बायकोकडे अशा नजरेनं बघत होते, जणू ती त्यांना आज पहिल्यांदाच दिसत आहे.

पहिलं औषध काकांना मानवलं नाही, सारखी झोप यायची. दुसरं मानवलं. दर पंधरा दिवसांनी ते बोलायला जाऊ लागले. सुरुवातीला कुरकुरत, नंतर स्वतःहून. मुलीला बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. ती बसचालक होती, सुट्टी काढून आली होती. ऐकून म्हणाली, "बाबा, मला ठाऊक होतं. मला फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं." आणि मग लहान मुलीसारखी रडली.

दहा महिन्यांनी ते पुन्हा आलं. पण या वेळी काकूंच्या आधी काकांना कळलं. जेवताना त्यांनी ताट बाजूला केलं आणि म्हणाले, "अगं, बहुतेक येतंय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ." काकूंनी नंतर मीटरबाईला सांगितलं की त्या वाक्यानं त्यांच्या हातातली वाटी सुटली. तेहेतीस वर्षं त्या एकट्याच पहारा देत होत्या. आता दुसरं कुणीतरी जागं होतं. त्या वेळी काका सात आठवड्यांत सावरले. पूर्वी पाच-पाच महिने जात.

डॉक्टरच्या अभ्यासाचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. तिनं पहिली फेरी थांबवली, वरिष्ठांशी भांडली आणि फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न घातला. तो मीटरबाईनं सुचवलेला होता, आणि तिच्याच शब्दांत छापला गेला: "याला तुमच्या घरात काय म्हणतात?"

दुसऱ्या फेरीत मीटरबाई तीच घरं पुन्हा फिरली. ज्यांनी पहिल्यांदा "आळस" आणि "पोट" म्हणून तिला वाटेला लावलं होतं, तीच माणसं नव्या प्रश्नापाशी अडखळत. खाली बघत. मग हळूच सांगत. एका घरात त्याला "जडपणा" म्हणत. एका घरात "पाहुणा". "आईचे ते दिवस." "काळी शाल." गॅरेजवाला म्हणाला, "आमचा बाप म्हणायचा, इंजिन चालू आहे पण गिअर पडत नाही." मीटरबाई लिहीत राहिली. कित्येक दारांमागे एकेक शब्द, त्या घराबाहेर कधी न गेलेला. एकतीस वर्षं ती या दारांतून आत-बाहेर करत होती आणि तिनं फक्त आकडे वाचले होते.

मुख्याध्यापकांच्या घरी ती शेवटी गेली. ते आजही बराच वेळ शिस्तीबद्दल बोलले. नवा प्रश्न तिनं त्यांना विचारला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. मग त्यांच्या पत्नी, ज्या मागच्या वेळी आतून बाहेरही आल्या नव्हत्या, पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी नजर वळवली, पण नाही म्हणाले नाहीत.

"मीटरबाई, घाई नाही ना?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी एक खुर्ची ओढून तिच्या शेजारी ठेवली.